विकतची हवा

'पैसा पाण्यासारखा खर्च करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न आम्हांला शाळेत हमखास असे. आता पाणीच बाटलीत बंद होऊन विकत मिळू लागल्यावर या वाक्प्रचाराने उधळेपणा दाखवायचा की काटकसर, हे आमच्या मराठीच्या बाईंनाही सांगता येणार नाही. उरली होती ती हवा. पण तिलाही गिऱ्हाईक मिळाले. हुबळीतल्या एखाद्या मोठ्या पेट्रोल पंपावर जा; एका कोपऱ्यात फुकट हवेची नळी असते आणि तिच्या शेजारीच आकडे लुकलुकणारे एक ऐटबाज यंत्र उभे असते. गाडी थांबली रे थांबली की पंपावरचा पोरगा विचारतो, "गाळि हाकलेन्री, नैट्रोजन हाकलेन्री?" म्हणजे साधी हवा भरू, की नायट्रोजन?

इथे आमच्या कॉलेजात नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, की कन्नडातली 'गाळि' म्हणजे हवा. शिवीगाळीशी तिचा काही संबंध नाही. पण कमरीपेठेत राहणाऱ्या माणसाला अशा शब्दांचा छंद लागतोच. आमच्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शेजारच्या सावजी मंडळींची आपली तिसरीच बोली. त्यामुळे एक वस्तू दिसली की तिची दोन-तीन नावे डोक्यात एकदम उभी राहतात. नायट्रोजनला आम्ही मराठी शाळेत 'नत्रवायू' म्हणून शिकलो. कन्नड शाळेत शिकलेली माझी मैत्रीण त्याला 'सारजनक' म्हणते. ऑक्सिजन हा आमचा 'प्राणवायू', तर तिचा 'आम्लजनक'. मराठीतून विचार करणाऱ्याला टायरमधून 'प्राण' काढून टाकायला जिवावर येते. कन्नडातून विचार करणाऱ्याला मात्र आंबट काढून सार भरल्यासारखे वाटत असेल! असो. हे नावांचे झाले. प्रश्न पैशांचा आहे, आणि तिथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला बोलण्याचा अधिकार आहे, असे मी समजते.

आमच्या काकांची पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी आहे. कधी धारवाड-रामनगरवरून अनमोड घाट उतरून गोवा, कधी कलघटगी-यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोला-कारवार, असे त्यांचे फिरणे असते. दर रविवारी त्यांच्या खर्चाची वही मी लिहिते. डिझेल, टोल, गाडी धुणे, चहापाणी, आणि दर पंधरवड्याला एक ओळ : 'नैट्रो - ५०'. चार चाके आणि एक स्टेपनी, प्रत्येकी दहा रुपये. महिन्याचे शंभर, वर्षाचे बाराशे. साधी हवा त्याच पंपावर फुकट मिळते. ती फुकट द्यावी, असा तेल कंपन्यांचा पंपचालकांना नियमच आहे. मग हे बाराशे कशाचे?

काकांचे उत्तर तयार होते. "अगं, नैट्रोजनने टायर थंड राहतात. घाटात फुटत नाहीत." आणि काकूचे त्याहून तयार. "बाराशे रुपयांसाठी वही काय घेऊन बसलीस? माणूस रात्री धड घरी येतो, ते कुठल्या खात्यात लिहिणार आहेस?"

काकूच्या या प्रश्नाला आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात उत्तर नाही. शिवाय तिची भीती हवेतली नव्हे. आमच्याकडे बेळगावचे मराठी वर्तमानपत्र येते, आणि काकू ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. त्यानंतर त्या सरळ, तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. झिजलेल्या टायरांच्या गाड्या तपासण्याची मोहीमही २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधी जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले होते, की टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणे आणि टायरात साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा सरकारचा विचार आहे. खुद्द मंत्री म्हणतात, मग पंपावरचा पोरगा खोटे कशाला बोलेल? काकूचे हे तर्कशास्त्र चुकीचे म्हणता येणार नाही. म्हणूनच थट्टा बाजूला ठेवून हा हिशेब नीट मांडावा, असे मी ठरवले. माझ्याकडे भांडवल दहावीपर्यंतच्या विज्ञानाचे आणि त्रैराशिकाचे, पण ते पुरले.

पहिली गोष्ट, जी आपण सगळेच शाळेत शिकलो आणि पंपावर विसरलो. आपल्या भोवतालच्या हवेत शंभरांतले ७८ भाग नत्रवायूच असतो. प्राणवायू २१ भाग, आणि उरलेल्या एका भागात आरगॉन व इतर किरकोळ मंडळी. १८८८ च्या सुमारास बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. तेव्हापासून जगातली बहुतेक चाके या ७८ टक्के नत्रवायूवरच चालत आली आहेत. पंपावर विकत घेतो ते नवे काही नसते. यंत्र तीच हवा आत ओढते, तिच्यातला बराचसा प्राणवायू आणि पाण्याचा अंश गाळून टाकते आणि ९५ टक्क्यांच्या आसपासचा नत्रवायू आपल्याला देते. ७८ चे ९५ करण्याची ही मजुरी आहे.

पण ९५ तरी पदरात पडतात का? इथे त्रैराशिक कामाला आले. टायरचा मापक शून्य दाखवतो तेव्हा टायर रिकामा नसतो. बाहेर जेवढा हवेचा दाब असतो, म्हणजे चौरस इंचावर १४.७ पौंड, तेवढा आतही असतोच. म्हणून मापकावर ३२ दिसतात तेव्हा आतला खरा दाब ४६.७ असतो. समजा, टायर २८ वर उतरला आणि पंपावर नायट्रोजन घालून तो ३२ केला. तर ४६.७ भागांपैकी ४२.७ भाग जुनी हवा आणि फक्त ४ भाग नवा माल. गुणाकार-भागाकार करून पाहिला, तर टायरातला नत्रवायू ७८ टक्क्यांवरून गेला साडेएकोणऐंशीवर! दहा रुपयांत दीड टक्का. टायर आधी पूर्ण सोडून मग भरला तरी आत उरलेल्या हवेमुळे प्रमाण ९० च्या आसपासच राहते. दोनदा सोडून भरला, तर ९३. काकांना विचारले, "पहिल्यांदा टायर सोडून भरला होता का?" ते म्हणाले, "मागे रांग लागलेली असते, सोडतोय कोण? नळी लावतात, टुंग वाजलं की काढतात." आणि रामनगरच्या अलीकडे कुठे पंक्चर झाले, तर रस्त्याकडेचा पंक्चरवाला साधी हवाच भरणार. म्हणजे पुन्हा ७८ पासून सुरुवात.

दुसरी गोष्ट टायर थंड राहण्याची. पहाटे गाडी निघताना टायर २७ अंशांवर असेल आणि धावून धावून आतली हवा ५७ अंशांवर गेली, तर दाब दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ३२ चे साधारण साडेछत्तीस-सदतीस पौंड होतात. हा नियम सगळ्या वायूंना सारखाच लागू आहे. नत्रवायूला त्यात सवलत नाही. फरक पडतो तो पाण्यामुळे. पावसाळ्यात काही कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते, ते हवेबरोबर टायरात जाते, तापले की त्याची वाफ होते आणि दाब थोडा अधिक चढतो. शर्यतीच्या गाड्यांना ते चालत नाही, कारण तिथे पाव पौंडाचाही हिशेब असतो. आपल्याला मात्र टाकीतले पाणी वेळच्या वेळी सोडणारा पंक्चरवाला मिळाला की काम भागते. आणि टायर तापतो कशाने? तो दबून पुन्हा सरळ होण्याने. हवा कमी असली किंवा सात माणसांच्या गाडीत दहा माणसे आणि टपावर सामान असले, की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात आणि रबर आतल्या आत भाजते. ही उष्णता आतला वायू कोणता आहे हे विचारीत नाही.

मग विमानांचे काय, असे कोणी विचारील. आपल्या गोकुळ रोडच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या चाकांत नत्रवायूच असतो, हे खरे आहे. पण त्याला कारण आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले आणि त्यातली सगळी १६७ माणसे गेली. ब्रेक भयंकर तापला होता आणि चाकात नत्रवायूऐवजी साधी हवा भरलेली होती. अतिशय तापलेल्या रबरातून ज्वालाग्राही वाफा निघतात. त्यांना आतला प्राणवायू मिळाला आणि टायरचा स्फोट झाला. त्याने इंधनाच्या नळ्या तोडल्या आणि आग लागली. त्यानंतर अमेरिकेच्या विमान खात्याने मोठ्या विमानांच्या चाकांत प्राणवायू ५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा दंडक घातला. तिथे नत्रवायू ही चैन नव्हे. पण विमानाच्या चाकात दोनशे पौंडांच्या आसपास दाब असतो आणि शेकडो किलोमीटर वेगाने धावणारे कित्येक टनांचे ओझे थांबवताना त्याचे ब्रेक रसरसतात. अनमोड घाट कितीही अवघड असला, तरी काकांच्या गाडीचे टायर त्या उष्णतेच्या जवळपासही जात नाहीत. मोटारीचा टायर फुटतो तो कमी हवेने, जास्त ओझ्याने, जुनाट रबराने किंवा खड्ड्यात बसलेल्या माराने.

नत्रवायूच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे मात्र नाही. हिशेबनीसाने दोन्ही बाजू लिहायच्या असतात. प्राणवायू रबरातून नत्रवायूच्या तीन-चार पट वेगाने झिरपतो, म्हणून नत्रवायू भरलेला टायर हळू उतरतो. किती हळू? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने ३१ प्रकारचे टायर घेतले. प्रत्येक प्रकारचा एक टायर हवेने आणि एक नत्रवायूने ३० पौंडांपर्यंत भरला, आणि वर्षभर तसेच ठेवले. २००७ साली त्यांनी निकाल छापला : साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पौंड उतरले, नत्रवायूचे २.२ पौंड. वर्षाला फरक १.३ पौंड. अमेरिकेच्याच रस्ता सुरक्षा खात्याने २००९ मध्ये प्रयोगशाळेत तपासून सांगितले, की दाब सारखा असेल तर चाक फिरायला लागणाऱ्या जोरात दोन्ही वायूंत फरक पडत नाही. शिवाय प्राणवायूने रबर आतून हळूहळू जुने होते, हेही खरे. मालमोटारींचे टायर दोन-तीनदा रिट्रेड करून वापरायचे असतात, त्यांच्या मालकांना याचा विचार करायला जागा आहे. पण मोटारीचा टायर बाहेरून चोवीस तास उघड्या हवेतच असतो, आणि आत गंज चढण्याआधी आपल्या बायपासवरच्या खडीने तो बाहेरून झिजतो.

आता ताळेबंद. काकांना महिन्याला साधारण १५,००० रुपयांचे डिझेल लागते, म्हणजे वर्षाला १,८०,०००. अमेरिकी सरकारचा अंदाज असा, की चारही टायरांत सरासरी एक पौंड हवा कमी झाली, की इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जळते. समजा, काकांनी वर्षभर टायरांना हातच लावला नाही आणि पहिल्या दिवसापासून तो १.३ पौंडांचा पूर्ण फायदा मिळाला, असे त्यांच्या बाजूने धरले, तरी वाचतात ४६८ रुपये. खरे पाहता टायर हळूहळू उतरतो, म्हणून त्याच्या निम्मेच धरायला हवेत : २३४. खर्च १,२००. आणि जो माणूस पंधरा दिवसांनी पंपावर जाऊन टायर भरतोच, त्याच्या बाबतीत हळू उतरण्याचा फायदा उरतो कुठे? पंधरा दिवसांत दोन्हींतला फरक पौंडाच्या विसाव्या भागाइतका. तो दाखवणारा मापकही बाजारात मिळणार नाही.

वही मिटून मी हा आकडा जेवताना जाहीर केला. काका हसले. काकूने मात्र भाकरी थापता थापता एकच विचारले, "म्हणजे टायर फुटणार नाही, याची खात्री कशानं देतेस?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण पंपावरचा पोरगा विकतो ती हीच खात्री. नायट्रोजन विकत घेणारी सगळीच माणसे भोळी नसतात. घरातला माणूस रात्री घाटात असताना आपल्या हाती करण्यासारखे काहीच नाही, ही भावना फार वाईट असते; दहा रुपयांत काहीतरी केल्यासारखे वाटते. त्यात लबाडी असेल तर ती एवढीच, की पैसे दिल्यावर माणूस निर्धास्त होतो. "नैट्रोजन आहे, काही होत नाही," असे म्हणून महिनाभर टायरांकडे बघत नाही. व्हॉल्व्हची खीळ सैल असेल, रिमला पोचा असेल, बारीक खिळा रुतला असेल, तर नत्रवायूही साध्या हवेइतक्याच तत्परतेने बाहेर पडतो. पाच पौंड हवा कमी असलेल्या गाडीचे वर्षाला १,८०० रुपयांचे डिझेल फुकट जाते, आणि घाटात तोच टायर भाजतो.

म्हणून काकूला मी जे उत्तर दिले ते असे. खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत, आणि चारही मिळून नायट्रोजनच्या चार महिन्यांच्या पैशांत बसतात. एक, तीन-चारशे रुपयांचा हवेचा मापक घरात ठेवायचा आणि गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना, दाब बघायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या कागदावर किती हवा ठेवायची ते लिहिलेले असते. धावून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. दोन, टायरच्या खाचांमध्ये झिजेची खूण दाखवणारे बारीक उंचवटे असतात. रबर त्यांच्याबरोबरीला आले की टायर बदलायचा, आणखी एक भाडे करून मग बघू म्हणायचे नाही. तीन, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांत कितवा आठवडा आणि कोणते साल ते लिहिलेले असते. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा चांगल्या दिसणारा टायरही म्हातारा असू शकतो, आणि स्टेपनी तर सगळ्यांत म्हातारी असते. चार, प्रत्येक व्हॉल्व्हला टोपी हवी; आमच्या गाडीच्या पाचांपैकी दोन बेपत्ता होत्या.

मापक आणला. काका सकाळी गाडी पुसत असतात तेव्हा तो हातात घेऊन काकूच बाहेर येते. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. "मागचा डावा एकोणतीस," ती ओसरीवरून ओरडते, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पंक्चरवाल्याकडे साधी हवा भरून मगच काका पुढे जातात. पहिल्याच आठवड्यात तो मागचा डावा दोनदा उतरलेला दिसला. व्हॉल्व्ह बदलला, वीस रुपये पडले. इतके दिवस तो दर पंधरवड्याला नायट्रोजनने भरून घेतला जात होता, आणि तो एकटाच का उतरतो, असे त्या टुंग वाजणाऱ्या यंत्राने कधी विचारले नव्हते.

काकांनी नायट्रोजन अगदी सोडलेला नाही. लांबचे गोव्याचे भाडे असले आणि पंपावर रांग नसली, की अजूनही एखादे वेळी 'नैट्रो - ५०' वहीत येते. त्याने नुकसान होत नाही, म्हणून मीही काही बोलत नाही. फक्त ती ओळ आता 'दुरुस्ती व देखभाल' या खात्यातून काढून 'किरकोळ' खात्यात लिहिते. काकूच्या पहिल्या प्रश्नाचे खाते अजून सापडलेले नाही. आमचे प्राध्यापकमहाशय म्हणतात, सगळ्याच गोष्टी ताळेबंदात बसत नाहीत.

वाचक मित्रमैत्रिणींनो, आपल्या कॉलेजच्या स्टँडवर उभ्या असलेल्या दुचाक्यांवरून जाता जाता एकदा नजर टाका. निम्म्यांची मागची चाके बसलेली दिसतील. त्यांत कोणता वायू आहे, ही चर्चा कॅन्टीनमध्ये जरूर करा. पण त्याआधी कोपऱ्यावर जाऊन फुकटची हवा भरून घ्या, आणि 'गाळि हाकलेन्री?' असे कोणी विचारले, तर खुशाल 'हाकरी' म्हणा. एवढे सांगून हा हवेवरचा लेख इथेच पुरा करते.